दुसरा हात

बोलण्याआधी ती मनगट धरायची. मासळी घ्यायला आलेलं गिऱ्हाईक असो, मच्छीमार सोसायटीचे सेक्रेटरी असोत, नाहीतर माहेरपणाला आलेली कुणाची लेक असो, आधी मनगट हातात आणि मग तोंड उघडायचं. हर्णेच्या बंदरावर संध्याकाळी लिलाव लागला की तिने धरलेलं मनगट भाव ठरेपर्यंत सुटायचं नाही. गिऱ्हाईक बापडं वैद्याला नाडी दाखवायला आल्यासारखं वाळूत उभं असायचं.

माझं मनगट धरून मात्र ती एवढंच म्हणायची, "दुसरा हात दाखव गो."

मावशी जाऊन आता बरीच वर्षं झाली. तिची आठवण यायला तसं काही कारण लागत नाही, पण यंदा गणपतीला पुण्याहून माझी भाची आली. तिच्या डाव्या हातात कोपरापर्यंत बांगड्या होत्या आणि उजवा हात रिकामा. "आत्या, हे एकदम नवीन आहे," असं तिने मला ऐकवलं. मी तिचं मनगट धरलं आणि माझ्या तोंडून तेच शब्द गेले. पोरगी घाबरली. मग मला हे सगळं तिला सांगावं लागलं, आणि तिला सांगितलं तर तुम्हालाही सांगायला हरकत नाही.

तुमच्यापैकी ज्या बायका त्या काळात विशी-बाविशीच्या होत्या, त्यांना ती फॅशन आठवत असेल. ऐंशीच्या दशकात कधीतरी गणपतीला आलेल्या चाकरमान्यांच्या बहिणी-भाच्यांबरोबर ती आमच्याकडे उतरली. प्लॅस्टिकच्या बारीक, चकचकीत बांगड्या, पोपटी, जांभळ्या, अबोली, सगळ्या एकाच हातात. दुसऱ्या हातात काही म्हणजे काही नाही. दापोलीच्या बाजारातला कासार वैतागून गेला होता, कारण दोघी मैत्रिणी मिळून एक जोड घ्यायच्या आणि वाटून घालायच्या. माझ्या भावाने मुंबईहून माझ्यासाठी आणल्या तेव्हा आई म्हणाली की बोडका हात घेऊन गावात फिरलीस तर तंगडं मोडीन. बांगड्यांचा आणि तंगड्याचा संबंध काय, हे विचारायची आमच्या घरात पद्धत नव्हती.

मी तेव्हा हर्णे बंदरावरच्या मच्छीमार सोसायटीत बर्फाच्या पावत्या फाडायचं काम करत होते. आमचं गाव आतल्या बाजूचं, शेतीवाल्यांचं. वडील आणि भाऊ मुंबईला. मी रोज एसटीने यायची. एसटीत बसेपर्यंत दोन्ही हातात दोन-दोन काचेच्या बांगड्या, आणि बसल्यावर त्या पिशवीत टाकून डाव्या हातात फॅशन.

बंदरावरच्या बायकांनी माझा उजवा हात पाहिला आणि त्यांची हसून मुरकुंडी वळली. कारण त्यांचेही उजवे हात तसेच होते. त्यांच्यात लग्नाच्या वेळी उजव्या हातातल्या बांगड्या दर्याला द्यायची रीत होती, नवऱ्याच्या जिवासाठी. उजवा हात दर्याचा, डावा नवऱ्याचा. डाव्यात हिरवा चुडा आणि उजवा मरेपर्यंत मोकळा. बर्फ घ्यायला येणाऱ्या बायका मला विचारायच्या, नवऱ्याचा पत्ता नाय नि हात आधीच देऊन बसलीस काय?

मावशी हसली नाही. तिने मनगट धरलं.

"कुनासाठी दिलास?"

तिला मी मावशी म्हणायची. तिचा नवरा तांडेल होता, दुसऱ्याच्या बोटीचं सुकाणू धरणारा. शांत माणूस, त्याला मी काका म्हणत असे. बर्फाची लादी खांद्यावर घेताना तो मला नेहमी विचारायचा, डबा खाल्लास का? एवढीच आमची ओळख. मी थट्टेत म्हटलं, "काकांसाठी समज, मावशी. माझं अजून कोणी नाही."

आम्ही सोसायटीच्या पायरीवर उभ्या होतो आणि भरतीचं पाणी अगदी समोर होतं. मावशीने एकदा पाण्याकडे पाहिलं.

"दर्यासमोर बोललीस," ती म्हणाली. "आता फिरवायचं नाय."

मला गंमत वाटली. मग रोज संध्याकाळी लिलावाला जाताना ती पायरीपाशी थांबायची, मनगट धरायची आणि म्हणायची, दुसरा हात दाखव. मी रिकामा हात नाचवून दाखवायची. ती मान हलवायची आणि एखादी मूठ कोलंबी पानात बांधून माझ्या टेबलावर ठेवायची. घरी आई ती कोलंबी आवडीने खायची आणि ती कशाबद्दल मिळते हे तिला ठाऊक नव्हतं.

दिवाळी झाली आणि वादळ आलं. बऱ्याच बोटी वेळेत खाडीत शिरल्या. काकांची शिरली नाही. अंजनवेलच्या समोर ती फुटली. त्या बोटीवरचे बाकीचे सगळे जाळ्याचे तरंगते बोये धरून किनाऱ्याला लागले आणि पुढे एसटीने घरी आले, अंगावर लोकांनी दिलेले कपडे घालून. काका आले नाहीत. त्या माणसांना सगळ्यांनी विचारलं की तांडेल कुठे. ते म्हणाले की एका लाटेपर्यंत होता, पुढच्या लाटेला दिसला नाही.

मावशीने ते ऐकून घेतलं आणि म्हणाली, दिसला नाय म्हंजे गेला असं होत नाय.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती पायरीशी आली. बंदरावर लिलाव नव्हता, माणसं नुसतीच उभी होती. तिने माझं मनगट धरलं, आणि या वेळी ते इतकं घट्ट होतं की मला दुखलं.

"दुसरा हात दाखव."

मी दाखवला.

"असाच ठेव," ती म्हणाली. "दोन हात दिलेत दर्याला. एक मानूस मागतेय."

आता माझी अवस्था बघा. थट्टेत बोललेला शब्द, प्लॅस्टिकच्या बांगड्या, आणि त्याला ही बाई लोंबकळत होती. ती नुसती थट्टा होती, हे मी त्या दिवशी तिला सांगितलं नाही. नंतरही सांगितलं नाही.

फॅशन आली तशी गेली. प्लॅस्टिकचा रंग घामाने उतरायला लागला, मुलींच्या हातांना पुरळ आलं, आणि पुढच्या गणपतीला मुंबईहून दोन्ही हातात घालायच्या धातूच्या नाजूक बांगड्या आल्या. बंदरावरच्या बायका सोडल्या तर साऱ्या तालुक्यात एकाच हातात बांगड्या घालणारी मी एकटी उरले. आमच्या ऑफिसातली दुसरी मुलगी मला म्हणायची की तू आता फॅशनमध्ये नाहीस, नुसती विचित्र दिसतेस. मीही हसायची. पण संध्याकाळ व्हायला लागली की माझं लक्ष पायरीकडे असायचं. ती रोज यायची. पूर्वी ती माझा हात बघून पुढे जायची, आता हात धरून समोर पाण्याकडे बघत राहायची. मला भीती वाटायची. कशाची, ते मला नीट सांगता येत नाही. एखाद्या दिवशी चुकून हातात बांगडी राहिली तर ही बाई इथेच कोसळेल असं वाटायचं. म्हणून मी एसटीतून उतरताना दोनदा हात चाचपायची.

एकदा तिची मोठी जाऊ आली. बर्फ नको होता तिला. टेबलाच्या कडेला हात टेकून ती हळू आवाजात म्हणाली की घरात क्रिया झालेली नाही. मृतदेह नाही तर पुतळा करून सगळं उरकतात, पण मावशी चुड्याला हात लावू देत नाही. दीर तसाच अधांतरी राहिलाय, त्याला पाणी नाही.

"ती तुझ्या रिकाम्या हातावर आस लावून बसलेय," जाऊ म्हणाली. "तू हात भर गो बाय. म्हंजे ती सोडील."

जाऊ दुष्ट नव्हती. तिचे डोळे भरले होते. मी त्या दिवशी घरी जाताना दापोलीच्या कासाराच्या दुकानासमोर थांबले. त्याने मला ओळखलं आणि म्हणाला, या, पूर्ण जोड घेणार का आता? मी तशीच पुढे गेले. जावेचं बरोबर होतं आणि मावशीचं खोटं होतं, हे मला कळत होतं. पण रोज मनगटावर जी बोटं पडायची ती मावशीची होती.

मग माझं लग्न ठरलं. तोवर चूक नको म्हणून मी घरीही उजवा हात मोकळाच ठेवायला लागले होते, आणि फॅशनचं खूळ समजून आई ओरडून थकली होती. बघायला आलेल्या माणसांतल्या एका बाईने, मुलाची आत्या होती ती, माझ्या उजव्या हाताकडे बघून हा असा का, असं विचारलं. आईने पटकन सांगितलं की हल्लीच्या मुलींची फॅशन. आत्याबाई म्हणाल्या की ती तर गेली ना? त्या बाईची नजर तीक्ष्ण होती. माणसं गेल्यावर आईने मला माजघरात उभं केलं आणि सगळं वदवून घेतलं. ऐकून ती कपाळाला हात लावून बसली. नवरीचा उजवा हात मोकळा ठेवून बोहल्यावर उभं करायचं म्हणजे लोक काय म्हणतील, आणि लोक राहू देत, स्वतःच्या लेकीचं ते करायला कोणत्या आईचा जीव धजेल? त्या बाईने स्वतःचं दुःख तुझ्या गळ्यात बांधलंय, आई म्हणाली. आणि ती रागाने उठून चुलीकडे गेली.

मावशीला सांगायला मी गेले तेव्हा ती वाळूत सुकत घातलेले बोंबील उलटत होती. मी लग्नाचं सांगितलं, चुडा भरायचा दिवस सांगितला, गाव सांगितलं. हात दोन्ही भरावे लागतील हे मात्र माझ्या तोंडून निघेना. ती बोंबील उलटत राहिली. रांग संपल्यावर हात झटकून म्हणाली, "मी येईन. तोवर भरू नको."

अडवायला येणार की मोकळं करायला, ते काही तिने सांगितलं नाही. मला विचारायचा धीर झाला नाही.

चुड्याच्या दिवशी पडवीत कासार बसला होता, भोवती गावातल्या बायका. माझा डावा हात भरून झाला. कासाराने उजवा मागितला. मी तो पदराखाली धरून बसले. एसटी येऊ दे, म्हटलं. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. आई आधी समजावत होती, मग दटावायला लागली, मग पाठ फिरवून बसली, आणि ते मला जास्त लागलं. कासार दुसऱ्या गावाला जायचं म्हणून चुळबुळत होता. आत्याबाईंच्या घरून आलेल्या दोघी बायका कुजबुजत होत्या. मी रस्त्याकडे बघत होते आणि मला रडू येत होतं. ती आली नाही तर मी काय करणार होते? मला आजही ठाऊक नाही.

ती पायवाटेची घाटी चढून आली. नवी साडी नेसली होती, डाव्या हातात हिरवा चुडा होता. सरळ पडवीत येऊन माझ्यासमोर बसली आणि पदराखालून माझं मनगट ओढून काढलं.

"दुसरा हात दाखव."

तिने त्या हातावरून अंगठा फिरवला. मग कासाराला म्हणाली, दे इकडे. त्याच्याकडून एकेक बांगडी घेऊन तिने स्वतः चढवायला सुरुवात केली. मिठाने आणि जाळ्याच्या दोऱ्यांनी तिची बोटं खरखरीत झाली होती, पण एकही बांगडी पिचली नाही. शेवटची चढवून झाल्यावर ती माझ्याकडे बघून म्हणाली,

"तुझा शब्द सोडला गो. दर्यानं नाय सोडला, मी सोडला."

बायकांना यातलं काही कळलं नाही. कोळ्यांची काहीतरी रीत असेल, असं म्हणून त्या पुढच्या कामाला लागल्या. मला मात्र तिच्या गळ्यात पडून रडायचं होतं, आणि ती उठून मागीलदारी हात धुवायला निघून गेली होती.

तिची परतीची एसटी लगेच होती. सवाष्ण दारातून तशी जाऊ नये म्हणून आई कुंकवाचा करंडा घेऊन धावत आली. आईचा राग गेला होता. तिने बोट कुंकवात बुडवून मावशीच्या कपाळाकडे नेलं, आणि मावशी एक पाऊल मागे सरली.

"नको, वैनी."

तेव्हा आईने तिचे हात पाहिले. दोन्ही मोकळे होते. आईचं बोट तसंच हवेत राहिलं. मग तिने ते स्वतःच्या पदराला पुसलं, करंडा उंबऱ्यावर ठेवला आणि मावशीचे ते दोन्ही हात आपल्या हातात घेतले. आई एवढंच म्हणाली, "माझ्या लेकीसाठी एवढं केलंत."

मावशी घाटी उतरून गेली. मला नवरी म्हणून अंगणाबाहेर जाता येत नव्हतं. मी पडवीच्या खांबाला धरून उभी होते. तिने पदराच्या टोकाला गाठ मारली होती आणि त्या गाठीत मागीलदारी उतरवलेल्या तिच्या बांगड्या होत्या, दर्याला द्यायच्या. ती दिसेनाशी झाली तरी काही वेळ त्यांचा आवाज येत होता.