आमचा निखिल

मंडळी, दुपारपासून कशातच मन लागत नाहीये, म्हणून इथे लिहितेय.

दर रविवारी गाझियाबादहून सुधाकाका आमच्याकडे नोएडाला जेवायला येतात. बाबांचे धाकटे भाऊ. माझी ताई अमेरिकेत, काकांचा मुलगा निखिलही तिथेच. त्यामुळे तिथला कुठला माजी अध्यक्ष चांगला आणि कुठल्याने देशाची वाट लावली, यावरून बाबा आणि काकांची नेहमी जुंपते. तिथे मत द्यायचा हक्क दोघांनाही नाही, पण आवाज थेट गेटवरच्या गार्डपर्यंत!

आम्ही हसायचो. आज नाही हसू आलं, यार.

बाबा त्यांच्या लाडक्या अध्यक्षाचे गोडवे गात होते. काका एकदम म्हणाले, "दादा, तुझ्या त्या अध्यक्षानेच सगळं बिघडवून ठेवलं, म्हणून आमच्या निखिलची नोकरी गेली."

नोकरी गेल्याचं आम्हाला माहीतच नव्हतं. बाबांचा घास हातातच राहिला. "आपल्या निखिलची नोकरी गेली आणि तू मला आत्ता सांगतोस?"

"आमच्या," काका म्हणाले आणि भरल्या ताटावरून उठून गेले.

निखिलला सायकल बाबांनी शिकवली होती.

संध्याकाळी मी बाबांची समजूत काढायला गेले. म्हटलं, "बाबा, इतकी वर्षं इथे राहून काकांच्या तोंडात हिंदी बसलीय. हिंदीत आपलं काय आणि आमचं काय, दोन्ही 'हमारा'च ना?"



बाबा म्हणाले, "नाही गं. सुधाचं मराठी अजून चांगलं आहे."