ताईंचं मनगट आणि घरातले तज्ज्ञ

पार्लरवाल्या ताईंच्या हातून कात्री निसटली ती थेट गिऱ्हाइकाच्या मांडीवर पडली. बाई समंजस होत्या. "असू दे हो," म्हणाल्या आणि पुढच्या वेळेपासून समोरच्या पार्लरात जाऊ लागल्या.

ताईंच्या उजव्या हाताचा अंगठा आणि त्याच्या शेजारची दोन बोटं कित्येक महिने बधिर होती. झोपेतून उठल्या की हातात मुंग्यांचं वारूळ. हात झटकायचा आणि कामाला लागायचं. डॉक्टरकडे जायची गरजच काय, घरात तज्ज्ञ बसलेले. ताईंचे यजमान विमा कचेरीतून निवृत्त झाले त्या दिवसापासून जगातला एकही विषय त्यांना परका उरला नव्हता. ताईंची धाकटी बहीण पाठीमागे त्यांना 'ज्ञानकोश' म्हणायची. त्यांच्या कानावर गेलं असतं तर त्यांना तो गौरवच वाटला असता.

"मनाचे खेळ आहेत," ज्ञानकोशांनी निदान केलं. "मन खंबीर ठेव, बोटं आपोआप वठणीवर येतात."

ताईंनी मन खंबीर केलं आणि कात्री पुन्हा पडली. मग बहिणीनेच नसांच्या डॉक्टरीणबाईंकडे नंबर लावला. "मीही येतो," यजमान म्हणाले. "डॉक्टरांना काही विचारायचं असलं तर मी असलेला बरा."

डॉक्टरीणबाईंनी ताईंच्या हातावर तारा चिकटवल्या आणि मनगटाजवळ बारीकसा झटका दिला. अंगठा टुणकन उडाला. पडद्यावर एक रेघ उठली आणि बसली.

"वायरिंगच की हे," यजमान म्हणाले.

"नाही हो काका. तारेतून वीज सरळ धावते, इथे तसं नाही. नसेतली पेशी सोडियम बाहेर ढकलत असते, पोटॅशियम आत ओढत असते. त्यामुळे तिच्या आतल्या बाजूचा विद्युतभार बाहेरच्यापेक्षा जरा ऋण राहतो. पुरेसा धक्का बसला की तिची बारीक दारं उघडतात आणि सोडियम आत घुसतं. तेवढ्या जागेचा भार उलटतो, ती शेजारच्या जागेची दारं उघडायला लावते, असं पुढे पुढे. मागची दारं तोवर मिटतात, पोटॅशियम बाहेर पडतं आणि ती जागा पुन्हा पहिल्यासारखी होते."

"सोडियम म्हणजे मीठ. मी हिला सांगतच होतो, मीठ कमी टाक."

डॉक्टरीणबाईंनी हे ऐकलंच नाही असं दाखवलं. त्यांची तालीम चांगली झालेली दिसत होती.

"आणि धक्का अपुरा असला तर?" ताईंनी विचारलं.

"तर पेशी गप्प बसते. तिचं बोलणं एकतर पूर्ण, नाहीतर अजिबात नाही."

घरात गप्प बसण्याची सोय असलेलं कुणीतरी असावं, असं ताईंना वाटलं.

दोष मनगटात निघाला. नसेवर चरबीचं आवरण असतं. त्यातल्या फटींवरून निरोप उड्या मारत जातो, म्हणून भरभर पोचतो. ताईंच्या मनगटातल्या अरुंद वाटेत नस दाबली जाऊन तिथलं आवरण खराब झालं होतं आणि निरोप रेंगाळत होता.

"म्हणजे मनाचे खेळ नाहीत ना?" ताईंनी मुद्दाम मोठ्याने विचारलं.

"अजिबात नाहीत."

यजमानांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "मनावर ताबा असला की असलं काही होत नाही. माझ्या हाताला लावा. बोट हलू देणार नाही."

"बसा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

यजमानांनी दात आवळले, डोळे मिटले, चेहऱ्यावर ऋषीमुनींचं तेज आणलं. अंगठा टुणकन उडाला.

"मी तयार नव्हतो."

पुन्हा झटका, पुन्हा अंगठा. नसेच्या टोकाशी रसायन सुटतं आणि स्नायू आखडतो, त्यात निवृत्त अधिकाऱ्यांचा सल्ला घेण्याची पद्धत नाही. डॉक्टरीणबाईंचं लक्ष मात्र पडद्यावर खिळलं होतं.

"काका, जरा पायही बघू. मुंग्या येतात का पायाला?"

"छे."

"चालताना यांच्या पायातली चप्पल निघते आणि यांना पत्ताच नसतो," ताई म्हणाल्या. यजमानांनी त्यांच्याकडे असं पाहिलं, जणू कचेरीतलं गुपित फुटलं.

पायांकडचे निरोप तर हातांपेक्षाही मंद निघाले. रक्त तपासलं, साखर भरपूर सापडली. इतकी वर्षं ती नसा कुरतडत होती आणि मन खंबीर असल्यामुळे काकांना काही जाणवत नव्हतं.

ताईंच्या मनगटावर छोटी शस्त्रक्रिया झाली, नसेवरचा दाब गेला. बोटांना जाण परतायला वेळ लागला, पण एके सकाळी त्यांना कंगव्याचा प्रत्येक दात वेगळा लागला आणि त्या उगाचच कंगवा चाचपत बसल्या. यजमानांच्या पायांची गोष्ट तितकी सोपी नव्हती. जे गेलं ते फारसं परत येणार नव्हतं, उरलेलं सांभाळायचं होतं. त्यांना स्वतःचे तळवे नीट दिसत नसत, म्हणून रोज रात्री ताई बघत. जखम नाही ना, फोड नाही ना. त्या वेळी ते गप्प असत.

दिवसा मात्र ते पार्लरात येऊन बसू लागले. नंबर लावून बसलेल्या बायकांना ते सोडियम कसं आत घुसतं ते समजावून सांगत. ते पोटॅशियमवर आले की ताई केस वाळवायचं यंत्र सुरू करत.