चिंध्यांनी आखलेली हद्द

आमच्या बुरुलकान आपांनी जन्मभर सामुदायिक गोठ्यात गाई दोहल्या. गाई त्यांच्या धाकानं जास्त दूध देत, असं गावात म्हणतात. आता त्या दह्याचे खारट गोळे वाळवतात आणि झऱ्यावरच्या उताराची राखण करतात. तिथली आर्चाची सूचिपर्णी झाडं तुटली तर झरा आटणार, हे त्यांचं ठाम मत. सरपणवाल्यांचा मात्र त्याच उतारावर डोळा.

गेल्या उन्हाळ्यात देशभरची जंगलं राखायची राष्ट्रीय योजना जीपमध्ये बसून आमच्या गावी आली. तालाय नावाचे मोजणीसाहेब झाडांना लाल फिती बांधत झऱ्यापर्यंत आले आणि थांबले. हद्द संपली.

"आणि वरची झाडं रे, पोरा?"

"आपा, योजनेत एवढंच बसतं."

"सून झग्यात बसेना, म्हणून अर्धी बाहेर ठेवू होय?"

साहेब हसले. आठवड्यानं यंत्रावर हद्द नोंदवायला येतो म्हणाले, गेले.

आता आमच्याकडे झाडाला चिंधी दिसली की ते नवसाचं झाड. दुसऱ्याच दिवशी शेजारच्या काल्बूबूनं फितीशेजारी नातवासाठी चिंधी बांधली. आपा पोट धरून हसल्या, मग फीत आणि चिंधी आळीपाळीनं निरखू लागल्या. घरात गेल्या आणि गोठ्यात दूध काढण्यात पहिल्या आल्याबद्दल मिळालेला लाल बावटा टराटरा फाडू लागल्या.

"आपा, तुमचं बक्षीस!" काल्बूबू ओरडली.

"भिंतीवर धूळच खात होतं. घे, वर बांध. खालच्या गर्दीत अल्ला कुणाकुणाचं ऐकेल?"

मग सगळ्या गावानं आपापले नवस वर नेऊन बांधले. साहेब परतले तेव्हा उतार माथ्यापर्यंत लाल.

"तेमिरकुल, जादा चिंध्या सोड," त्यांनी ड्रायव्हरला फर्मावलं.

"नाही साहेब. दुसऱ्याचा नवस सोडला की त्याचं दुखणं आपल्याला लागतं."

साहेबांनी स्वतःच हात घातला.

"जपून, पोरा," आपा म्हणाल्या, "ती मुतखड्याची आहे."

हात झटक्यात मागे आला. साहेबांनी डोकं खाजवलं. "लोकांची पवित्र जागा योजनेत घेता येते म्हणा. पण आपा, ही पवित्र कधीपासून?"

"मंगळवारपासून."

साहेब हसत हसत, धापा टाकत, यंत्र घेऊन शेवटच्या चिंधीपर्यंत चढले. माथ्यावर हळूच म्हणाले, "एखादी उरलीय का? वरच्या कचेरीत मंजूर व्हायला हवं."

"मग दोन बांध. कचेरी मोठी असेल."

बर्फ पडायच्या आत मंजुरी आली. आपांनी दिवसभर कणकेचे फुगीर बोर्सोक तळले, आणि आम्ही गरम गरम तोंडात टाकत जीभ भाजून घेतली.