घंगाळातलं समुद्रशेवाळ

आमच्या मुळशीच्या घरात समुद्र आला, तो माणसांच्या डोक्यावरून. पुण्याच्या कॉलेजात शिकवणाऱ्या एक बाई समुद्रातल्या शेवाळाचा अभ्यास करत. कोकणच्या किनाऱ्यावरून ते पुण्याला नेईपर्यंत वाटेतच सडून जाई. म्हणून घाट चढून आल्यावर मुक्कामाला त्यांनी धरणाकाठची आमची मागची खोली भाड्याने घेतली. खोलीच्या भिंती जाड मातीच्या होत्या, आत उन्हाळ्यातही गार असे. गड्यांनी पाटीत पेंढा घालून आणलेल्या काचेच्या बरण्या तिथे ओळीने मांडल्या. आत खारं पाणी आणि तपकिरी, पानापानांच्या फांद्या.

शेवाळ म्हणजे विहिरीच्या पायरीवरचं निसरडं, एवढंच मला ठाऊक. मी दारातूनच पाहत असे. एकदा बाईंनी हाताला धरून आत नेलं आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायला सांगितलं. नाचणीसारखे गोल दाणे दिसले.

"ही अंडी. या झाडात नर वेगळा, मादी वेगळी. अंडी बाहेर आली तरी लगेच सुटत नाहीत, काही वेळ आईच्या अंगाला चिकटून राहतात. मग गळतात. खडकाला धरलं तर जगलं, नाही तर लाट घेऊन जाते."

"सगळी जगत न्हाईत?"

"नाही. पुष्कळशी जातात."

त्याआधीच्या पावसाळ्यात माझं एक मूल पोटातच गेलं होतं. घरात त्याबद्दल कुणी बोलत नसे. मी पुन्हा डोळा लावला आणि बराच वेळ काढला नाही.

त्यांना पाहायचं होतं ते एवढंच, की गळलेला दाणा पहिलं मूळ कसा धरतो. त्यासाठी बरणीच्या तळाशी काचेच्या पट्ट्या ठेवल्या होत्या. आदल्या दोन्ही वर्षी दाणे मूळ धरण्याआधीच मेले होते. यंदाही जमलं नाही, तर हे काम सोडून नुसतं शिकवायचं, असं वरून सांगितलं गेलं होतं. फांद्यांना दाणे यायचा मोसमही संपत आला होता.

मध्ये दोन दिवस बाईंना पुण्याला जावं लागलं. आमच्या आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, खोलीत डोकावल्या.

"काचंत पानी कोंडलंय. वास मारतोय. समुद्राचं पानी म्हंजी तीर्थ, ते असं ठिवत्यात व्हय?"

त्यांनी देवघराजवळचं तांब्याचं घंगाळ चिंच लावून लख्ख घासलं. आमच्याकडे पिण्याचं पाणीही तांब्यातच, तांब्यात पाणी बिघडत नाही म्हणून. सगळ्या बरण्या त्यांनी घंगाळात रिकाम्या केल्या, काचेच्या पट्ट्यांसकट. वरून एक जास्वंदीचं फूल सोडलं.

बाई परतल्या तेव्हा फांद्या मऊ पडल्या होत्या, पाण्याला हिरवट झाक आली होती. त्यांनी एक पट्टी उचलून पाहिली आणि परत ठेवली. मग सगळं उचलून मागच्या उकिरड्यावर नेऊन टाकलं. आत्याबाई मागोमाग गेल्या.

"मेलं व्हय?"

"हो, मावशी."

"कशानं?"

"तांब्यानं. याला तांबं विष आहे."

आत्याबाई तिथेच उकिडव्या बसल्या. "खोटं तरी बोलायचं हुतंस, पोरी. माझं म्हातारीचं काय बिघडलं असतं?"

"पुढच्या खेपेला तुम्ही पुन्हा हेच केलं असतं."

"ते बी खरंच," आत्याबाई म्हणाल्या. मग मान वर करून म्हणाल्या, "म्हंजी फुडची खेप हाय."

"दाणे अमावस्येच्या सुमारास सुटतात. मोसमातली अजून एक अमावस्या आहे हातात. पण बरण्या? चार तर तुम्ही ओतताना फुटल्या."

आत्याबाई उठल्या. माळ्यावरच्या चिनी मातीच्या बरण्या उतरवल्या, त्यातलं वर्षाचं लोणचं मडक्यात काढलं. राख, गरम पाणी, पुन्हा राख. "ह्यास्नी खारं नवं न्हाई," म्हणाल्या. बाईंनी वास घेतला आणि आणखी दोनदा धुतल्या. दुसऱ्या दिवशी त्या घाट उतरून गेल्या.

येताना फांद्या थोड्याच होत्या. त्या दिवसांत आत्याबाई खोलीच्या दारापर्यंत जात, हातात पूजेचा तांब्या असला तर तो ओट्यावर ठेवून. आत पाऊल टाकत नसत. मीच जाऊन बरण्यांवर ओलं फडकं टाकून यायची.

एका सकाळी बाईंनी हाक मारली, ती मला नाही, त्यांना. आत्याबाईंनी एक डोळा हाताने झाकून सूक्ष्मदर्शकातून पाहिलं. नव्या काचपट्टीवर बहुतेक दाणे काळे पडले होते. एका कडेच्या दाण्याला खालून पांढरे, केसासारखे तंतू सुटले होते.

"धरलंय," आत्याबाई म्हणाल्या. मग मला पुढे ओढलं. "बघ. बाकीची गेली, तरी ह्येनं धरलंय." त्यांचा हात माझ्या पाठीवर होता. त्या पावसाळ्यानंतर तो पहिल्यांदाच तिथे आला होता.

मडक्यातल्या लोणच्याला त्या वर्षी बुरशी आली. मामंजींनी ताटात फोड उलटीपालटी करून तोंड वाकडं केलं.

"गप जेवा," आत्याबाई म्हणाल्या.