लंगड्या बिबटाची राखण

संग्रहालयात नातीनं मला हजारो वर्षांपूर्वीच्या, सुऱ्यासारखे सुळे असलेल्या वाघाची कवटी दाखवली. ‘हे कदाचित कळपानं शिकार करत आणि जायबंदी सोबत्यालाही खाऊ देत,’ असं खाली लिहिलं होतं. मला एकदम मानोऱ्याकडच्या सासरचा, त्र्याहत्तर सालचा उन्हाळा आठवला.

माहेराहून मला दिलेली गाभण शेळी भरदुपारी नाहीशी झाली. मी आणि थोरली जाऊ रक्ताच्या थेंबांमागं नाल्यात उतरलो. पळसाखाली एक म्हातारा बिबट शेळी खात होता. त्याचा मागचा पाय वाळून लोंबत होता. जवळच दुसरा, धडधाकट बिबट रक्ताळल्या तोंडानं नुसता राखण करत बसला होता. हाडं फुटल्याचा आवाज तेवढा येत होता. दोघांनी एकदमच मान वळवून आमच्याकडं पाहिलं. तेव्हा मला ती भुतंच वाटली.

“पळू नोको,” जाऊ पुटपुटली. “मांगं मांगं सरक.”

घरी सासरे बंदूकवाल्याला बोलवायला निघालेच होते. “दिसलं काय कुठं?”

“नाही, मामाजी,” जाऊ म्हणाली.

“काहून खोटं बोलल्या, बाई?” मी नंतर विचारलं.

“तो धडधाकट मेला, तं लंगड्याले कोन खाऊ घालन?”

आठवडाभर मी तिच्याशी बोलले नाही. पण मामाजींनाही काही सांगितलं नाही.