छऱ्यांना एरंडेल

एअरगनच्या छऱ्यांना एरंडेल लावू नये, अशी सूचना डब्यावर कुठेही छापलेली नसते. ती असती, तर रोह्याच्या शूटिंग रेंजवर मी आज इतका प्रसिद्ध नसतो.

मी पेणच्या एका शाळेत विज्ञान शिकवतो, त्यामुळे मला सगळ्यातलं सगळं कळतं. माझी मुलगी मुग्धा एअर रायफल चालवते. काही वर्षांपूर्वी जिल्ह्याच्या संघातली तिची जागा एका गुणाने हुकली. तीन दिवस पोरीने रायफलला हात लावला नाही. मला फार वाईट वाटलं. चौथ्या दिवशी मी जाहीर केलं, "दोष तुझा नाही, छऱ्यांचा आहे. पुढच्या वेळी छरे मी निवडणार!"

"नको ना बाबा!" मुग्धा म्हणाली. (फार आनंद झाला की माणूस असं काहीतरी बोलतो.)

मी सहा डबे मागवले. हलके, जड, गोल डोक्याचे, चपट्या डोक्याचे आणि माझ्या खास पसंतीचे टोकदार! टोकदार म्हणजे नेमके, यात शिकण्यासारखं काय आहे? मुग्धाला रोह्याला शिकवतात ते सावंत सर निवृत्त फौजी. त्यांनी तो टोकदार छऱ्यांचा डबा उघडला.

"हे कशाला आणलेत, गुरुजी?"

"अचूकतेसाठी."

"आपल्याला कागदाला भोक पाडायचंय, डुक्कर नाय मारायचं! चपटं डोकं घ्या. भोक गोल, स्वच्छ पडतं. गुण मोजताना भांडण नाय."

हे मला माहीतच होतं. मी फक्त त्यांची परीक्षा पाहत होतो.

मग मी छऱ्यांची वजनं करायला पेणमधल्या आमच्या सोनाराकडे गेलो. एकेक छरा अर्ध्या ग्रॅमच्या आसपास, त्याला साधा काटा काय करणार? सोनाराने पहिला छरा चिमटीत धरला, भिंगातून पाहिला आणि हळूच विचारलं, "गुरुजी, घरी सगळं ठीक ना? मोडायला शिसं आणलंत?" साठ छरे मोजून झाल्यावर त्याने दुकानात गिऱ्हाईक नसतानाही शटर अर्धं खाली ओढलं.

शेवटी सावंत सरांनी रायफल वाळूच्या पिशव्यांवर टेकवली आणि प्रत्येक डब्यातले पाच-पाच छरे एकाच ठिकाणी मारून पाहिले. चौथ्या डब्याच्या पाचही छऱ्यांनी मिळून एकच भोक पाडलं, सदऱ्याच्या बटणाखाली झाकलं जाईल एवढं! "हाच," सर म्हणाले. "पण घ्याल तो याच बॅचचा घ्या. बॅच बदलली की नेम हलतो." दुकानदाराकडे त्या बॅचचा एकच डबा उरला होता. तो मी देवाच्या प्रसादासारखा दोन्ही हातांनी घेतला.

"आणि जपा हां," सर म्हणाले. "दमट हवेने शिसं पांढरं पडतं."

जपा? कोकणातल्या माणसाला वस्तू दमट हवेतून जपायला शिकवता?

निवड चाचणी रविवारी होती. शनिवारी दुपारी खांब गावाहून माझी मोठी बहीण, आक्का, वर्षाचे वाल घेऊन आली. आमच्या मागच्या पडवीत बसून ती सुपातल्या वालांना एरंडेल चोळत होती. आमच्याकडे कडधान्याला एरंडेल चोळून, ऊन दाखवून मगच डब्यात भरतात. भुंगा लागत नाही. मी पाहिलं आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला! मी छऱ्यांचा डबा आणून दुसऱ्या सुपात उपडा केला. (डबा जरा रिता वाटला, पण आत्मविश्वासाला असल्या बारीकसारीक गोष्टी दिसत नाहीत.)

"ह्ये काय रे दिन्या?" आक्काने विचारलं.

"छरे. हवेने खराब होतात."

"शिशाला भुंगा लागतो व्हय?"

"आक्का, तत्त्व समजून घे!" असं म्हणून मी बाटलीतलं उरलेलं सगळं एरंडेल सुपात ओतलं आणि दोन्ही तळव्यांनी खसाखसा चोळलं.

आक्काने स्वयंपाकघराकडे तोंड करून हाक मारली, "सुनंदे, बाहेर ये गो! तुझ्या घोवाला ऊन लागलाय!"

माझी बायको आली आणि किंचाळली, "माझं सूप! शिसं लावलंत त्याला!" सूप त्याच क्षणी स्वयंपाकघरातून बडतर्फ झालं. मला साबणाने तीनदा हात धुवायला लावले.

रविवारी सकाळी रोह्याला पोचल्यावर मी डबा मुग्धाच्या हातात समारंभपूर्वक दिला. स्पर्धेआधी सरावाच्या गोळ्या झाडायला थोडा वेळ देतात. पहिला छरा डावीकडे आठवर गेला. दुसरा खाली सहावर. तिसरा कुठे गेला, ते अजून कुणाला कळलेलं नाही. मुग्धाने मागे वळून पाहिलं. तिचे डोळे भरले होते.

सावंत सर धावत आले. त्यांनी एक छरा उचलला, चिमटीत फिरवला आणि हुंगला.

"एरंडेल?"

"किंचित," मी म्हणालो.

"अहो, जुलाब द्यायला रायफलचं पोट बिघडलं होतं काय? आणि चोळलेत कशाला? मागचा नाजूक घेर चेपलाय सगळा!"

त्यांनी घाईघाईने नळीतून कोरडी चिंधी ओढली. चिंधी बाहेर आली ती थेट आमच्या पडवीचा वास घेऊन. दुसरी ओढली, तिसरी ओढली. घड्याळात पाच मिनिटं उरली होती. "आता छरे कुठून आणायचे?" मी रडकुंडीला येऊन विचारलं.

मुग्धाने डोळे पुसले आणि दप्तरातून कंपासपेटी काढली. आत चपट्या डोक्याचे, कोरडे, देखणे छरे होते!

"त्याच डब्यातले शंभर आहेत, सर. मी शुक्रवारीच काढून ठेवले."

"शाब्बास! पण का गं?"

"शनिवारी बाबांना सुट्टी होती."

रेंजवर शांतता पाळायची असते, पण त्या दिवशी पंचसुद्धा हसले. मुग्धा तिसरी आली, एका गुणाने, आणि जिल्ह्याच्या संघातली शेवटची जागा तिला मिळाली. परतताना कोलाडला मिसळ खाताना मी म्हणालो, "माझी निवड बरोबर होती, एवढं तरी मान्य कर." तिने माझ्या खांद्यावर डोकं टेकलं. "निवड बरोबर होती, बाबा. तुम्ही निवडून तिथेच थांबायला हवं होतं."

त्या वर्षी एरंडेल छऱ्यांवरच संपल्यामुळे आक्काचे अर्धे वाल कोरडेच राहिले आणि श्रावणात त्यांना भुंगा लागला. पण माझे ते चारशेच्या आसपास छरे अजून कपाटात आहेत. मी दर पावसाळ्यात डबा उघडून बघतो. आजपर्यंत एकाही छऱ्याला भुंगा लागलेला नाही!