एकही सोमवार चुकला नाही

माझी मुलगी उपाशी मेली. मळ्यात दोन विहिरी, बारा महिने भाजीपाला, गोठ्यात तीन म्हशी, आणि पोर उपाशी मेली. लोक हे वाक्य माझ्या तोंडावर बोलत नाहीत, म्हणून मीच लिहून टाकतो.

आमचा मळा नाशिकला लागून, मखमलाबादच्या अंगाला. मेथी, कोथिंबीर, फ्लॉवर आणि बांधाला शेवंती. मी चौथी शिकलेला माणूस. पण मार्केटात माझी मेथी आली की व्यापारी जुडी उलगडून बघायचे नाहीत, तशीच उचलायचे. त्याचा मला ताठा होता. अजून आहे, उगाच खोटं कशाला बोलू.

मुलगी दोन मुलांच्या पाठीवरची. हाडापेरानं माझ्या आईवर गेलेली, रुंद खांद्यांची. पहाटे माझ्याबरोबर जुड्या बांधायची आणि मग सिटी बसनं कॉलेजला जायची. तिच्या हाताचा वेग मजूर बायकांना जमायचा नाही. बायका म्हणायच्या, ताई, जरा हळू, आमची मजुरी कापली जाईल. ती हसायची. मोठ्यानं हसायची, विहिरीवर ऐकू यायचं.

नव्वदच्या पुढची चार-पाच वर्षं उलटली होती. ती शेवटच्या वर्षाला असताना चांदवडकडचं एक स्थळ आलं. मुलगा नोकरीचा, माणसं बरी. पोहे खाऊन गेले आणि आठ दिवसांनी मध्यस्थाच्या तोंडून निरोप आला, की मुलगी गुणाची आहे, पण अंगानं आडवी आहे. असं मुलाची मामी म्हणाली म्हणे. मी मध्यस्थाला तिथल्या तिथं सुनावलं, की आमची पोर खात्यापित्या घरची हाय, तुमच्या मामीला म्हणावं काडी शोधा. त्याला चहासुद्धा न देता लावून दिलं.

इथवर मी बरोबर होतो. चूक त्या संध्याकाळी झाली. जेवायला सगळे बसले होते, दोन्ही सुना वाढत होत्या. राग माझ्या डोक्यातून उतरला नव्हता आणि मला वाटलं हसण्यावारी न्यावं. मी पोरीच्या ताटातली बाजरीची भाकरी उचलली, मोडली, अर्धी परत टोपल्यात टाकली आणि म्हणालो,

"ही अर्धी चांदवडला धाडू. मामीचं तरी पोट भरंल."

सगळे हसले. तीही हसली. उरलेली अर्धी मात्र तिनं खाल्ली नाही, ते तिच्या आईनं बघितलं. मी नाही बघितलं.

श्रावणात तिनं सोळा सोमवार धरले. मग गुरुवार आला, मग मंगळवार. चतुर्थी, एकादशी होतीच. आमच्याकडं उपास म्हणजे खिचडी, भगर, दाण्याची आमटी, शिंगाड्याचा शिरा. माणूस उपासाला जास्तच खातो. ही खायची एक केळं, पुढं पुढं नुसतं लिंबूपाणी. आई म्हणाली, अगं दाण्याची आमटी तरी घे. ती म्हणायची, मी कडक धरलाय.

मला बरं वाटलं, हे मी लपवणार नाही. कॉलेजला जाणारी मुलगी, आणि इतकं देवाचं करते. मी मार्केटात सांगायचो, पारावर सांगायचो, की आमच्या ताईचा एकही सोमवार चुकला नाही. गावातल्या बायकाही तेच बोलायच्या. बायकांना महिन्यातले चार दिवस देवापासून लांब राहावं लागतं, त्यामुळं पूजा कुणाची ना कुणाची मोडतेच. हिची मोडत नव्हती. देवाची कृपा म्हणायच्या. ती कृपा नव्हती. तिचं बाईपणच थांबलं होतं, आणि ते तिच्या आईला ठाऊक होतं. आईला आधी वाटलं देव पावला. मग भीती वाटायला लागली. पण माझ्याशी ती ते बोलली नाही, कारण असल्या गोष्टी माझ्याशी बोलायच्या नाहीत हे मीच तिला इतक्या वर्षांत शिकवलेलं.

सोळा झाले. मी उद्यापनाचं काढलं, तर पोरगी म्हणाली, आबा, अजून संकल्प पुरा झाला नाही. आणि पुन्हा पहिल्यापासून धरले. चैत्राच्या उन्हात ती स्वेटर घालून जुड्या बांधायला लागली. बोटं गार. केस गळून न्हाणीत अडकायचे आणि हातांवर मात्र बारीक लव आलेली, लहान बाळाच्या असते तशी.

त्याच सुमारास कॉलेजची एक मॅडम स्कूटरवरून मळ्यात आली. पंचवीस-सव्वीसची असेल. मानसशास्त्राचं मोठं शिक्षण घेत होती, आणि त्यासाठी मुलींना खाण्यापिण्याबद्दल, स्वतःच्या शरीराबद्दल प्रश्न विचारून कागद भरून घेत होती. आमच्या मुलीचा कागद वाचून तिला राहवेना म्हणून आली होती. म्हणाली, काका, हा मनाचा आजार आहे. यात मुलींना उपाशी राहण्याची सवय लागते आणि मग त्या स्वतःहून थांबू शकत नाहीत. बाहेरच्या देशात यावर पुष्कळ अभ्यास झालाय, आपल्याकडं मात्र तो उपासात झाकला जातो.

मी म्हणालो, आमच्या पोरीला वेड लागलंय म्हणता का?

ती म्हणाली, नाही. पिशवीतून तिनं एक कागद काढला. त्यावर ओळीनं नऊ बायका काढलेल्या, पहिली काटकुळी आणि शेवटची चांगली जाडजूड. मला म्हणाली, यातली तुमची मुलगी कोणती? मी बघितलं. मन कबूल होईना, पण बोट पहिलीवर गेलं. मग तिनं मला सांगितलं, की मुलीनं स्वतःसाठी आठवीवर खूण केलीय.

मला एवढंच समजलं की पोरीला नीट दिसत नाही. दुसऱ्या दिवशी मी तिला मेन रोडला डोळ्यांच्या डॉक्टरकडं नेलं. त्यानं सगळी अक्षरं वाचून घेतली आणि म्हणाला, नजर उत्तम आहे, चष्म्याची गरज नाही. मी घरी येऊन बायकोला म्हणालो, बघ, त्या मॅडमचं काही खरं नाही.

मॅडम पुन्हा आली. या खेपेला तिनं घरच्यांना प्रश्न विचारले आणि उत्तरं लिहून घेतली. त्यात एक होता, की घरात मुलीच्या अंगावरून कधी कुणी काही बोललं होतं का. मी म्हणालो, आमच्या घरात असलं कुणी बोलत नाही. बायको माझ्याकडं बघत होती. सुना खाली बघत होत्या. मॅडमनं मी सांगितलं तेच लिहिलं. जाताना तिनं एका डॉक्टरचं नाव चिठ्ठीवर दिलं. म्हणाली, मनाचे डॉक्टर आहेत, दर आठवड्याला न्यावं लागेल, खूप महिने लागतील, आणि जेवताना तिच्या ताटाकडं कुणी बघू नका. बायको म्हणाली, अहो, एकदा नेऊन तर बघू. मी चिठ्ठी खिशात ठेवली आणि नेलं नाही. गावात बोभाटा झाला असता, की मुलीला वेड्याच्या डॉक्टरकडं नेतात.

माझा हिशेब वेगळाच होता. व्रत धरलं की ते उद्यापन केल्याशिवाय सुटत नाही, हे मी लहानपणापासून ऐकत आलेलो. हिचं उद्यापन झालं नाही म्हणून तर ती अडकलीय. ते करून टाकू, म्हणजे जेवायला मोकळी होईल. मी तिला विचारलं नाही, ठरवलंच. गुरुजी बोलावले, पाच जोडपी जेवायला सांगितली, पाहुणे बोलावले. चुरम्याचा प्रसाद केला. पूजा झाल्यावर सगळ्यांदेखत मी तिच्यापुढं ताट ठेवलं आणि समोर मांडी घालून बसलो. म्हणालो, "ताई, आता देवानं सोडलं तुला. जेव."

तिनं माझ्याकडं बघितलं. त्या नजरेला काय म्हणावं मला आजही कळत नाही. मग ती जेवली. चुरमा खाल्ला, पुऱ्या खाल्ल्या, मी वाढत गेलो तशी खात गेली. बायकांनी डोळ्याला पदर लावला. मी अंगणात येऊन पाहुण्यांना म्हणालो, बघा, सुटला उपास. दुसऱ्या दिवशी थोरल्या मुलाकरवी कॉलेजात निरोप धाडला, की मॅडमनी आता यायची गरज नाही.

ती शेवंतीच्या मागं जाऊन सगळं ओकून आली होती. त्या दिवशी आणि त्यानंतर रोज. माझ्यासमोर जेवायची आणि मग तिकडं जायची. हे मला तिच्या आईनं सांगितलं, पण दवाखान्यात.

उद्यापनानंतर तिसऱ्या आठवड्यात ती मेथीच्या वाफ्यात पडली. मीच उचलली. मेथीची पाटी याहून जड असते. डॉक्टर म्हणाले, अंगातले क्षार पार उतरलेत, हृदय थकलंय. दोन दिवस होती. शुद्धीवर आल्यावर मी जवळ बसलो होतो. म्हणालो, पोरी, तुला काय खावंसं वाटतं ते सांग. ती म्हणाली,

"आबा, तुम्ही जरा बाहेर बसा ना."

मी बाहेर बसलो. तिसऱ्या दिवशी सकाळी ती गेली.

दहाव्यानंतर मॅडम आली. मला वाटलं बोल लावेल. पण रडली ती, मी नाही. मग म्हणाली, काका, तिचे कागद मी अभ्यासात वापरू का, नाव कुठंही येणार नाही. मी म्हणालो, वापरा, पण त्यात माझं एक उत्तर खोटं हाय. आणि तिला भाकरीची गोष्ट सांगितली. तिनं जुनं उत्तर खोडून नवीन लिहिलं. मला म्हणाली, एका भाकरीनं आजार होत नाही काका, त्याला पुष्कळ कारणं असतात. ती शिकलेली होती, खरंच सांगत असेल. पण पुष्कळ कारणांशी माझी ओळख नाही. माझी ओळख एकाशीच आहे.

पुढं काही वर्षांनी, दोन हजार साल उलटल्यावर, महादेवाचं देऊळ नवं बांधलं. सभामंडप झाला तेव्हा मंडळींनी ठरवलं की आमच्या मुलीचा फोटो तिथं लावायचा. गावात तोवर गोष्ट तयारच झाली होती, की ताई व्रतस्थ होती, एकही सोमवार चुकला नाही, देवानं तिला बोलावून घेतलं. ते वाक्य माझंच. मीच पारावर पेरलेलं. बायका लेकींना तिचं उदाहरण द्यायच्या. मला ते थांबवणं जमलं नाही. खरं सांगायचं तर बरंही वाटायचं. मुलगी आजारानं गेली म्हणण्यापेक्षा देवानं नेली म्हणणं सोपं जातं.

फोटो मागायला आले तेव्हा त्यांच्यात आमच्या शेजारच्या मळ्यातला शेतकरीही होता. कौतुकानं म्हणाला, आबा, आमची धाकटी पण तुमच्या ताईसारखंच करते. कडक. पाणीसुद्धा मोजून पिते.

मी फोटो दिला नाही. सोमवारच्या आरतीला सगळे जमले तेव्हा देवळात उभा राहिलो. मला चार माणसांत बोलायची सवय आहे, पण त्या दिवशी खांबाला धरावं लागलं.

"माझी पोर भक्तीनं मेली नाय," मी म्हणालो. "तिला आजार होता. मला सांगितलं होतं, औषध होतं, डॉक्टर होता. मी नेली नाय, कारण मला लाज वाटली."

कुणीतरी मागून म्हणालं, आबा, देवाच्या दारात असलं बोलू नये. मी म्हणालो, मग दुसरीकडं तुम्ही ऐकणार का? गुरुजींनी घंटा वाजवली आणि आरती सुरू केली. माझे दोन्ही मुलगे मान खाली घालून घरी गेले. थोरला वर्षभर माझ्याशी नीट बोलला नाही. घरच्या मुलीची शोभा केली, म्हणाला.

चौथ्या दिवशी त्याच शेजाऱ्याची बायको आली. नवऱ्याला न सांगता आली होती. उंबऱ्याबाहेरच उभी राहून म्हणाली, "आबा, पोरीची पाळी पाच महिने आली नाय." आयुष्यात पहिल्यांदा कुणा बाईनं माझ्याशी हे बोलणं काढलं. मी खाली बघितलं नाही.

मॅडमचा पत्ता माझ्याकडं नव्हता. आजवर त्या कॉलेजच्या फाटकातून मी कधी आत गेलो नव्हतो. दुसऱ्या दिवशी गेलो आणि तीन खोल्यांत विचारत फिरलो. ती आता तिथंच शिकवत होती, केसांत थोडं पांढरं आलेलं. मला बघून उभी राहिली. मी म्हणालो, मॅडम, एक मुलगी आणलीय, आईबरोबर बाहेर बसलीय.

पोरगी सतरा-अठराची होती, भर उन्हात शाल घेतलेली. मॅडमनं तिला आणि आईला आत नेलं आणि दार लोटून घेतलं. मी व्हरांड्यातल्या बाकावर बसलो. आत काय बोलणं चाललं होतं ते ऐकू येत नव्हतं. एकदा वाटलं, उठून दारापाशी जावं, पोरगी ऐकत नसेल तर दोन शब्द आपण सांगावेत. मग बसूनच राहिलो.